फॉल्स विडो कोळी ओळखायचा कसा: ब्रिटनमध्ये नव्याने राहायला आलेल्यांसाठी

सप्टेंबर उजाडला की ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. धूसर, तिरका, घाबरत घाबरत लांबून काढलेला. खाली प्रश्न: "हा तो फॉल्स विडो तर नाही ना?" लगेच दोन-तीन निदानं होतात, कोणीतरी वर्तमानपत्रातली भीतीदायक बातमी चिकटवतं, कोणी "आधी लँडलॉर्डला मेल टाका" म्हणतं. तोवर बिचारा कोळी चपलेखाली गेलेला असतो. फोटो नीट मोठा करून पाहिला तर बहुतेक वेळा तो फॉल्स विडो नसतोच.

गोंधळ होण्याचं कारण साधं आहे. "पाठीवर कवटीचं चित्र असतं" एवढंच सगळ्यांनी वाचलेलं असतं, आणि एकदा का मनात कवटी बसली की ती कोणत्याही कोळ्याच्या पाठीवर दिसायला लागते. माझं मत विचाराल तर ती कवटी सगळ्यात शेवटी बघायची. आधी जागा, मग जाळं, मग अंगाचा आकार आणि चकाकी, मग पोटाच्या पुढच्या कडेचा पट्टा, मग पाय. एवढं जुळलं तरच पाठीवरची नक्षी. खाली त्याच क्रमाने सांगतो.

आधी थोडी ओळख

फॉल्स विडो हे एकाच कोळ्याचं नाव नाही. स्टीॲटोडा गटातल्या काही जातींना ब्रिटनमध्ये सरसकट हे नाव पडलंय, कारण त्या दिसायला थोड्याफार ब्लॅक विडो या विषारी कोळ्यासारख्या आहेत आणि कुळही एकच आहे. बातम्यांमधला जो असतो तो यांतला सगळ्यात मोठा, नोबल फॉल्स विडो. शास्त्रीय नाव स्टीॲटोडा नोबिलिस. मूळचा मदेरा आणि कॅनरी बेटांचा. ब्रिटनमधली त्याची पहिली नोंद १८७९ सालची, डेव्हनमधल्या टॉर्की गावची. म्हणजे हा काही परवा-परवा आलेला पाहुणा नव्हे. फक्त पुढची कित्येक दशकं तो दक्षिण किनाऱ्याच्या आसपासच राहिला आणि अलीकडच्या काळात झपाट्याने पसरला. आयर्लंडमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला गेला १९९९ साली, डब्लिनच्या दक्षिणेला असलेल्या ब्रे गावात. आता डब्लिनमध्ये तो चांगलाच स्थिरावला आहे.

भीतीचा मोठा भाग २०१३ च्या शरद ऋतूत तयार झाला. त्या ऑक्टोबरात ग्लॉस्टरशरमधली एक शाळा या कोळ्यांमुळे औषधफवारणीसाठी बंद ठेवली होती आणि टॅब्लॉइड वर्तमानपत्रांना महिनाभर खाद्य मिळालं. २०१८ च्या ऑक्टोबरात पूर्व लंडनच्या न्यूहॅम भागात काही शाळांबाबत पुन्हा तेच झालं. दोन्ही वेळा महिना ऑक्टोबर, हा योगायोग नाही. त्याचं कारण पुढच्या मुद्द्यात येतं.

पायरी १: कधी आणि कुठे शोधायचं

हा कोळी इंग्लंडच्या दक्षिणेत सगळ्यात जास्त दिसतो: डेव्हन, डॉर्सेट, हॅम्पशर, ससेक्स, केंट, एसेक्स आणि अर्थात लंडन. तुम्ही साउदॅम्प्टन, बोर्नमथ किंवा पोर्ट्समथला असाल तर तो तुमच्या घराभोवती आहे असं धरूनच चला. मिडलंड्स, वेल्स आणि उत्तर इंग्लंडमध्येही आता नोंदी होतात. स्कॉटलंडमध्ये तुरळक.

वर्षभर तो असतोच, पण ऑगस्ट ते नोव्हेंबर जास्त नजरेस पडतो. तोवर पिल्लं मोठी झालेली असतात आणि नर माद्यांच्या शोधात जाळं सोडून भटकायला लागतात. घरात भिंतीवर, पडद्यावर, बाथरूमच्या कोपऱ्यात अचानक दिसतो तो बऱ्याचदा असा भटका नर.

याला माणसांच्या बांधकामाची आवड आहे. मोकळ्या रानात त्याला शोधत हिंडू नका. घराच्या बाहेरच्या बाजूने एक फेरी मारा आणि या जागा बघा: खिडकीच्या सिलची खालची बाजू, गॅस आणि विजेच्या मीटरचे बॉक्स, पावसाच्या पाइपामागची फट, शेडच्या दाराची वरची कड, कुंपणाच्या लाकडी फळ्यांमधली खाच, कंझर्व्हेटरीच्या छताची जोडरेघ, गॅरेजच्या शटरच्या बाजूची पट्टी, बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची खालची बाजू. डब्लिनकडे असाल तर लोखंडी रेलिंग तपासा. पोकळ नळ्या आणि आडव्या पट्ट्यांच्या कोनात ते ओळीने राहतात. सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या बाहेरच्या भिंतीही भरवशाच्या, विशेषतः रात्रभर दिवा जळत असेल तर. दिव्यावर किडे येतात आणि किड्यांवर हा.

सगळ्यात महत्त्वाचं, रात्री जा. दिवसा हा फटीत दडलेला असतो, फार तर दोन पायांची टोकं दिसतील. अंधार पडल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन गेलात तर तो जाळ्याच्या मधोमध उलटा लटकलेला दिसतो. शेजारच्यांना आधी सांगून ठेवा. रात्री दहाला कुंपणापाशी टॉर्च घेऊन वाकलेला अनोळखी माणूस कोणालाच आवडत नाही.

पायरी २: जाळं वाचा

नवख्याने सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण जाळं पळून जात नाही आणि निम्मी उत्तरं तिथेच मिळतात.

गोल, आखीव, चाकासारखं जाळं असेल तर विषय संपला. तो फॉल्स विडो नाही. कोपऱ्यात दाट पांढरी चादर आणि तिच्या टोकाला नळकांडं असेल तर तो घरकोळी, म्हणजे हाउस स्पायडर. भिंतीच्या भोकाभोवती निळसर, पिंजलेल्या धाग्यांची झालर असेल तर तो लेस वीव्हर.

फॉल्स विडोचं जाळं पहिल्या नजरेला गबाळं वाटतं. धागे कुठूनही कुठेही गेलेले, कसलाच आकार नाही. आपण ज्याला जळमट म्हणून केरसुणीने काढून टाकतो त्यातलंच काहीतरी. पण टॉर्च तिरपी धरून बघितलं की रचना उलगडते. वरच्या बाजूला, फटीच्या तोंडाशी, धागे दाट होत जातात. तिथे त्याचं लपायचं ठिकाण. मधे विस्कळीत मचाण. आणि खालून काही धागे ताणून थेट सिलला किंवा जमिनीला चिकटवलेले, बुडाशी डिंकाचे बारीक थेंब लावलेले. चालत येणारा किडा त्या थेंबाला चिकटला की धागा बुडापासून सुटतो, ताणामुळे वर उचलला जातो आणि किडा अधांतरी लटकतो. मग कोळी खाली येतो, पाठ फिरवतो आणि मागच्या पायांनी त्याच्यावर चिकट रेशीम फेकत सुटतो. या सगळ्या कुळाच्या चौथ्या जोडीच्या पायांवर दातेरी केसांची ओळ असते, ती या रेशीमफेकीसाठी. मिनिटभरात किडा पूर्ण गुंडाळलेला असतो, चावा त्यानंतर.

एक चाचणी हाताने करता येते. वाळकी काडी घेऊन एखादा धागा अलगद ओढा. साध्या जळमटाचा धागा हवेतच विरतो. हा ताणतो, काडीला मागे खेचतो, आणि सहजासहजी तुटत नाही. हे रेशीम किती मजबूत असतं याचा अंदाज गॉलवे विद्यापीठाच्या संशोधकांनी नोंदवलेल्या शिकारींवरून येतो. आयर्लंडमध्ये या कोळ्याने छोटा सरडा धरलेला आढळला आणि इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये पिपिस्ट्रेल जातीचं वटवाघूळ. असं क्वचित घडतं. रोजचं जेवण माश्या, मुंग्या, वुडलाउस (ओलसर जागी राहणारे, कवचाचे, पुष्कळ पायांचे राखाडी जीव) आणि इतर कोळी हेच.

जाळ्याखाली काय पडलंय तेही बघा. वुडलाउसची पोकळ कवचं, भुंग्यांचे पंख, गुंडाळून फेकलेल्या माश्या यांचा ढीग दिसला तर वर कोणीतरी बरेच महिने ठाण मांडून आहे. जाळ्यात कधीकधी सुमारे सेंटिमीटरभर व्यासाचा, फिकट, सैल विणलेला गोळा लटकलेला असतो, आतली अंडी पुसट दिसतात. तो अंडकोश. तो दिसला की मादी जवळपासच आहे.

पायरी ३: अंगाचा घाट आणि चकाकी

आता कोळ्याकडे. मादीचं अंग, पाय न धरता, साधारण ९ ते १४ मिलिमीटर. नर थोडा लहान आणि सडपातळ. अंदाजासाठी पाच पेन्सचं नाणं आठवा, त्याचा व्यास १८ मिलिमीटर. मोठ्या मादीचं नुसतं अंगही त्यात मावतं. पाय पसरल्यावर मोठ्यात मोठी मादी तीन सेंटिमीटरच्या आसपास. "तळहाताएवढा होता" असं कोणी सांगितलं तर तो हा नव्हेच.

मागचा भाग, म्हणजे पोट, गोलसर आणि फुगीर. पुढच्या भागाच्या मानाने बरंच मोठं. आणि मुख्य म्हणजे तुकतुकीत. केसाळ नाही, मखमली नाही. रंग आणि चकाकी दोन्ही बाबतींत चिंचोका डोळ्यांपुढे आणा, घासून गुळगुळीत झालेला गडद तपकिरी. ही चकाकी नसेल, पोट राखाडी, मळकट किंवा केसाळ दिसत असेल, तर पुढच्या पायऱ्यांची गरज नाही.

चकाकीमुळे एक अडचणही येते. टॉर्चचा किंवा फ्लॅशचा पांढरा ठिपका पोटावर उमटतो आणि फोटोत तो नक्षीचा भाग वाटतो. दोन वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढा. जागा बदलते तो उजेड, जागेवर राहते ती नक्षी.

पायरी ४: पुढच्या कडेचा पट्टा

पोटाची जी कड डोक्याच्या बाजूला असते, तिथे मलईच्या रंगाचा अर्धगोल पट्टा बघा. मला स्वतःला ही खूण कवटीपेक्षा कितीतरी भरवशाची वाटते. नक्षी पुसट झालेल्या म्हाताऱ्या, गडद मादीतही हा पट्टा बऱ्याचदा टिकून असतो, फार तर फिकट झालेला. पण एकट्या पट्ट्यावरही निकाल देऊ नका. छोट्या रॅबिट हच कोळ्यालाही तसाच पट्टा असतो, त्याच्याविषयी पुढे येईलच.

पायरी ५: पाय

पाय लालसर तपकिरी ते नारिंगी, एकसारख्या रंगाचे. त्यांवर आडवे पट्टे नसतात. पाय स्पष्ट पट्टेदार असतील तर दुसरा कोणीतरी आहे. पायांवर केस आहेत, पण घरकोळ्यासारखे भरघोस नाहीत. सांध्यांपाशी रंग किंचित गडद होतो, त्याला पट्टा समजू नका.

चालही लक्षात घ्या. जाळ्यात हा चपळ असतो, पण सपाट जमिनीवर ठेवला तर अडखळत, ओढत चालल्यासारखा जातो. संध्याकाळी टीव्ही बघताना गालिच्यावरून जो सुसाट पळत सोफ्याखाली शिरतो, तो घरकोळी.

पायरी ६: आता ती कवटी

पोटाच्या वरच्या बाजूला गडद आणि मलईरंगी भागांची नक्षी असते. कोणाला ती कवटी वाटते, कोणाला घराची आकृती, कोणाला काहीच नाही. ती प्रत्येकात वेगळी असते. नरांत आणि अर्धवट वाढलेल्या कोळ्यांत ठसठशीत, वय झालेल्या माद्यांत पार पुसट, काहींत जवळजवळ काळपट. त्यामुळे "कवटी नाही म्हणजे फॉल्स विडो नाही" हेही चूक आणि "कवटी आहे म्हणजे तोच" हेही चूक.

शिवाय तो उलटा लटकलेला असतो, म्हणजे वरून बघणाऱ्याला त्याची खालची बाजू दिसते. पाठ बघायची तर वाकून खालून बघावं लागतं, किंवा खाली छोटा आरसा धरावा. मोबाइल जाळ्याखाली नेऊन वरच्या दिशेने काढलेला फोटो अंदाजे काढला तरी पुष्कळ कामाचा ठरतो. खालची बाजू बघताना लाल रंगाची वाळूघडीसारखी खूण आहे का तेही पाहून घ्या. फॉल्स विडोत ती नसते. ती खऱ्या ब्लॅक विडोची खूण. ब्लॅक विडो ब्रिटनमध्ये स्थायिक नाही, पण परदेशातून येणाऱ्या द्राक्षांच्या पेटीत किंवा सामानात एखादी आल्याच्या घटना घडल्या आहेत. तसं काही दिसलं तर पेटीवर झाकण ठेवा, फोटो काढा आणि दुकानाला कळवा.

नर असेल तर तोंडापाशी दोन छोटे हात पुढे आलेले दिसतील, टोकाला फुगीर गाठी असलेले. हे संवेदी उपांग, पेडिपाल्प. ते गाठाळ दिसले की तो नर, एवढं पक्कं.

त्याच नावाचे दुसरे दोघे

नोबल म्हणून पक्कं करण्याआधी त्याच्या दोन भाऊबंदांना वगळावं लागतं.

कपबोर्ड स्पायडर, म्हणजे स्टीॲटोडा ग्रोसा. घराच्या आत राहणारा. मादीचं अंग ६ ते १० मिलिमीटर, रंग जांभळट तपकिरी ते काळा, त्यावर फिकट डागांच्या पुसट ओळी किंवा काहीच नाही. ब्लॅक विडो म्हणून सगळ्यात जास्त घबराट हाच उडवतो, कारण दिसतोच तसा काळाकुट्ट. पाय गडद, नोबलसारखे नारिंगी नाहीत. जिन्याखालचं कपाट, हीटिंगच्या पाइपामागची जागा, वर्षानुवर्षं न हलवलेलं फर्निचर, हे त्याचे पत्ते.

रॅबिट हच स्पायडर, म्हणजे स्टीॲटोडा बायपंक्टाटा. हा इथलाच, कुठून आलेला नाही. अंग ४ ते ७ मिलिमीटर, चकचकीत तपकिरी, पोट थोडं चपटं, पुढच्या कडेला फिकट रेघ आणि वर चार छोटे खड्डे. शेड, खुराडी, ससे ठेवायच्या पेट्या ही याची जागा. पूर्ण वाढलेला असूनही नोबलपेक्षा बराच लहान, हाच मुख्य फरक. उत्तरेकडे राहत असाल तर शेडमध्ये सापडलेला "फॉल्स विडो" हाच असण्याची शक्यता जास्त.

ज्यांच्यामुळे सगळ्यात जास्त फसगत होते

खिडकीच्या चौकटीतला मिसिंग सेक्टर कोळी पहिल्या नंबरवर. छोटा, पोटावर चंदेरी पानाची नक्षी, थोडी चमकही. पण याचं जाळं गोल असतं आणि वरच्या बाजूची एक फाक रिकामी असते. त्या रिकाम्या फाकेतून एकच धागा त्याच्या लपायच्या जागेपर्यंत जातो. पहाटे दवात हे जाळं बघा, चूक होणारच नाही.

दुसरा लेस वीव्हर. याच्या पोटाच्या पुढच्या भागावर पिवळसर ठसा असतो आणि तो खरोखरच कवटीसारखा दिसू शकतो. बऱ्याच लोकांच्या "कवटी"चा उगम हाच असणार असं मला वाटतं. पण अंग केसाळ, चकाकी नाही, आणि भिंतीतल्या भोकाभोवतीची निळसर झालर सोडून तो सहसा लांब जात नाही.

मोठा, तपकिरी, लांब पायांचा, बाथटबमध्ये अडकलेला असतो तो घरकोळी. तो निचऱ्याच्या पाइपातून वर येत नाही. रात्री भटकताना टबात पडतो आणि गुळगुळीत कडांवरून वर चढता येत नाही म्हणून तिथेच राहतो. टबाच्या कडेवरून टॉवेल सोडून ठेवला की सकाळपर्यंत स्वतःच निघून जातो. महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत भिंतीवर रात्री फिरणारा मोठा चपटा कोळी ज्यांनी पाहिलाय, त्यांना घरकोळ्याचं काही वाटायला नको.

दक्षिणेकडच्या बंदरांच्या गावांत भिंतीच्या भोकात एक काळा, दणकट कोळी आढळतो, सहा पाय पुढे काढून बसलेला. उजेड टाकला की त्याचे जबडे हिरवे चमकतात. तो ट्यूब वेब स्पायडर, त्याचा फॉल्स विडोशी संबंध नाही. बोट घालून खात्री करू नका एवढंच सांगतो, कारण त्याचा चावा बऱ्यापैकी दुखतो.

छताच्या कोपऱ्यात लोंबणारा, दोऱ्यासारख्या पायांचा सेलर स्पायडर मात्र असू द्या. तो इतर कोळ्यांना खातो, फॉल्स विडोलाही.

चावला तर

हा कोळी अंगावर धावून येत नाही. चावे बहुतेक वेळा कोळी कपड्यात, बुटात, पांघरुणात किंवा बागकामाच्या हातमोज्यात दाबला गेल्यावर होतात. त्रास साधारण गांधीलमाशीच्या दंशाएवढा: आग, लाली, सूज, काही तासांत उतरणारी. काही जणांना दुखणं दोन-तीन दिवस राहतं. गॉलवेच्या संशोधकांनी थरथर, घाम, जंतुसंसर्ग अशी जास्त तीव्र लक्षणं असलेल्या मोजक्या केसेसही प्रसिद्ध केल्या आहेत, म्हणून "काहीच होत नाही" असंही मी म्हणणार नाही. पण ब्रिटनमध्ये याच्या विषाने कोणी दगावल्याचं सिद्ध झालेलं नाही.

चावल्यावर जागा साबण-पाण्याने धुवा, थंड पाण्याचं फडकं किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ वीसेक मिनिटं धरा, हात-पाय असेल तर उंचावर ठेवा, खाजवू नका. पॅरासिटामॉल चालतं. खाज असेल तर फार्मसिस्टला विचारून अँटिहिस्टामाइन. लाली पसरत चालली, पू धरला, ताप आला तर इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्समध्ये १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, आयर्लंडमध्ये जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरला. श्वास घ्यायला त्रास, ओठ-घसा सुजणं, चक्कर येऊन पडणं असं काही झालं तर थेट ९९९. घरगुती लेप, चुना वगैरे नको.

आणि एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा: कोळी चावताना पाहिला का? सकाळी उठल्यावर पोटरीवर लाल गाठ दिसली म्हणजे कोळीच चावला असं नव्हे. डास, ढेकूण, केसतोडा, त्वचेचा साधा जंतुसंसर्ग, यांतलं काहीही असू शकतं, आणि "कोळी चावला" असं ठामपणे सांगितल्यामुळे डॉक्टरकडे चुकीची गोष्ट आधी शोधली जाते. कोळी पाहिला असेल तर तो मेलेला असला तरी डबीत घालून न्या.

घरात काय करायचं

फार काही नाही. शेडमध्ये ठेवलेले बूट आणि हातमोजे घालण्याआधी झटका. जमिनीवर पडलेले कपडे तसेच अंगात घालू नका. लहान मुलांची सायकल, ट्रॅम्पोलिनची पाइपं, वाळूच्या पेटीचं झाकण महिन्यातून एकदा जुन्या ब्रशने पुसून घ्या. बाहेरचा दिवा रात्रभर जळत ठेवू नका. सेन्सरचा लावला तर किडेही कमी आणि बिलही. खिडक्यांच्या फटी सीलंटने बुजवा. थंडीलाही त्याचा उपयोग होतो.

आत आलेला कोळी ग्लास आणि जाड कागदाने पकडून बाहेर सोडा, किंवा व्हॅक्युमने ओढा. हा संरक्षित प्राणी नाही, त्यामुळे मारला म्हणून कायदा आडवा येत नाही. पण कोळी म्हणून दिसेल तो मारू नका, त्यात हे इथले सेलर स्पायडर आणि लेस वीव्हर विनाकारण जातात.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावून पैसे घालवू नका. औषध मारलं तरी कुंपणावरचे, शेजारच्या भिंतीवरचे महिनाभरात पुन्हा येणार. खिडकीत हॉर्स चेस्टनटच्या बिया, म्हणजे कॉन्कर, ठेवले की कोळी येत नाहीत हा इथला घरोघरीचा समज आहे. कॉर्नवॉलमधल्या एका प्राथमिक शाळेच्या मुलांनी प्रयोग करून तो खोटा असल्याचं दाखवलं आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने त्यांना बक्षीसही दिलं. पेपरमिंट तेलाचाही बराच बोलबाला आहे. वास छान येतो.

भाड्याचं घर सोडताना मात्र मीटर बॉक्स आणि खिडक्यांच्या बाहेरची कोळ्यांची जाळी साफ करा. तपासणीला येणारा एजंट कोळी कोणता हे बघत नाही, जळमटं बघतो.

फोटो आणि नोंद

ओळखायला मदत हवी असेल तर तीन फोटो काढा: पाठीचा, बाजूने पाय दिसतील असा, आणि जाळ्यासकट जागेचा. कोळ्याच्या शेजारी नाणं किंवा पट्टी धरा, जवळ जायची भीती वाटत असेल तर पट्टी काडीला बांधून. फ्लॅशपेक्षा बाजूने धरलेली टॉर्च बरी. प्लास्टिकच्या पारदर्शक डबीत घेऊन काढलेला फोटो सगळ्यात स्पष्ट येतो. थंड डबीत कोळी काही मिनिटं शांत बसतो.

ब्रिटनमध्ये नोंद आयरेकॉर्ड ॲपवर करता येते. ब्रिटिश ॲरॅक्नॉलॉजिकल सोसायटीची स्पायडर रेकॉर्डिंग स्कीम देशभरच्या नोंदी जमा करते आणि जाणकार त्या तपासतात. आयर्लंडमध्ये वॉटरफर्डच्या नॅशनल बायोडायव्हर्सिटी डेटा सेंटरकडे. नोबल जातीच्या प्रौढ कोळ्यासाठी चांगला फोटो सहसा पुरतो. रॅबिट हच किंवा अर्धवट वाढलेले असतील तर "फक्त स्टीॲटोडा" एवढंच उत्तर मिळू शकतं, त्याने खट्टू होऊ नका. मिडलंड्सच्या वर किंवा स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तुमची नोंद हॅम्पशरमधल्यापेक्षा जास्त मोलाची, कारण तो कुठवर पोचलाय हे तिथूनच कळतं. नोंदीत तारीख, जागा घराच्या आत की बाहेर, कशावर होता, नर की मादी, अंडकोश होता का, हे लिहा. घराचा पत्ता उघड नको असेल तर ॲपमध्ये ठिकाण एक किलोमीटरच्या चौकोनापुरतं ढोबळ ठेवलं तरी चालतं.